लुकलुकणारा लाल दिवा: आरसी गाडीच्या ईएससी सेटिंगची पार्श्वभूमी

नागपुरात आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये दर हिवाळ्यात एक वाद नव्याने पेटतो. १७.५ टर्नच्या (टर्न म्हणजे कॉइलचे वेढे; वेढे कमी तितकी मोटर वेगवान) मोटरींची शर्यत असेल तर ईएससीचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचं, टायमिंग (करंट किती आधी सोडायचा ते) शून्यावर ठेवायची सक्ती करायची की नाही? कॉलेजांच्या टेकफेस्टमधून आलेली मुलं म्हणतात, कंपनीने सेटिंग दिली आहे तर वापरू द्या. जुनी मंडळी म्हणतात, मग मोटर जळली की रडू नका. अर्धा तास हे ऐकलं की लक्षात येतं, दोघंही ‘टायमिंग’ म्हणतात, पण एकाच्या डोळ्यांपुढे प्रोग्रॅम कार्ड (ईएससीला जोडून एकेक ओळीची सेटिंग बदलायचं कार्ड) असतं आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटरची शेपटी, म्हणजे तिचं मागचं झाकण. हा घोळ नागपूरचा नाही. तो बाहेरून, गाड्यांच्या खोक्यांसोबत आला.

जुन्या काळात सेटिंग असा प्रकारच नव्हता. एका जपानी कंपनीची १/१२ मापाची पोर्शे ९३४ ही गाडी १९७६ साली आली. त्या पिढीच्या गाड्यांत वेग सांभाळायला एक सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडी हलवणारी छोटी मोटर), सरकणारी पट्टी आणि एक रेझिस्टर एवढंच असे. खालच्या पायऱ्यांवर करंट रेझिस्टरमधून जाई, शेवटच्या पायरीवर थेट मोटरला. म्हणजे गाडी हळू चालवायची तर उरलेली वीज चटका बसेल इतकी उष्णता करून उडवायची. धूळ बसली की पट्टी ठिणग्या टाके, मग पॉलिश पेपर घेऊन घासत बसा.

ऐंशीच्या दशकात मॉसफेटवर (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) चालणारे ईएससी रुळले. रेझिस्टर गेला, त्याच्या जागी झपाट्याने चालू-बंद होणारं स्विच आलं. आधी सेकंदाला काही डझन वेळा, पुढे हजारो वेळा. पीडब्ल्यूएम फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद, ही कार्डावरची ओळ तिथली. त्या ईएससीवर दोन-तीन बारके पॉट, म्हणजे फिरवायचे नॉब, असायचे आणि ते घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे: एक न्यूट्रलसाठी (गाडी उभी राहण्याची जागा), एक पूर्ण वेगासाठी. स्क्रूड्रायव्हर जरा निसटला की न्यूट्रल सरकायचं आणि बॅटरी जोडताच गाडी टेबलावरून उडी मारायची. नव्वदच्या दशकात मायक्रोप्रोसेसर आला आणि पॉटच्या जागी एक बटण आलं. बटण दाबा, रिमोटचा ट्रिगर मोकळा ठेवा, मग पूर्ण ओढा, मग पूर्ण ढकला. आजही नवा ईएससी बसवला की पहिलं काम हेच, आणि हे न करताच गाडी हळू पळते म्हणून तक्रार करणारा महिन्यातून एक तरी भेटतो.

कार्डावरच्या बहुतेक ओळी अशाच कुठल्या ना कुठल्या नुकसानीतून जन्मल्या आहेत. रिव्हर्सचंच बघा. पूर्ण वेगातल्या मोटरला एकदम उलटं फिरवायला सांगितलं की करंटचा लोंढा येतो. आधी गिअरचे दात जातात, नाहीतर मॉसफेट. म्हणून पहिल्यांदा ट्रिगर ढकलला की ब्रेक, सोडून पुन्हा ढकलला की रिव्हर्स, अशी रचना आली. शर्यतीत तर रिव्हर्स पूर्ण बंद, कारण उलट्या दिशेने येणारी गाडी कोणालाच नको असते. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलरला मात्र हे थांबणं परवडत नाही, त्याला थेट रिव्हर्स लागतो. त्याच्यासाठी ड्रॅग ब्रेक नावाची आणखी एक ओळ आहे: ट्रिगर सोडला तरी मोटर धरून ठेवते, उतारावर गाडी घसरत नाही. तीच ओळ शर्यतीच्या गाडीत शंभर टक्क्यांवर राहिली की वळणावर मागची चाकं निसटतात.

कट-ऑफचंही, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली गेली की गाडी रोखायच्या सेटिंगचंही, असंच. निकेल-कॅडमियमच्या सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी पार रिकामी झाली तरी फारसं बिघडत नसे. लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आली आणि हिशेब बदलला. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, आणि साधारण ३ च्या खाली नेला की त्याचा जीव जातो. मग ईएससीला बॅटरीची जात सांगणं भाग पडलं. आपल्याकडे नवशिक्यांच्या गाड्यांत सर्रास दिसणाऱ्या ६० अँपिअरच्या ब्रश्ड ईएससीवर (ब्रश, म्हणजे घासून वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे असलेल्या मोटरींसाठीच्या) यासाठी बटण नाही, कार्ड नाही, नुसते दोन जम्पर, म्हणजे पिनांवर काढून-घालून बदलायच्या टोप्या, आहेत: एक बॅटरीसाठी, एक रिव्हर्ससाठी. माझ्या मावसभावाने निकेलची बॅटरी काढून लायपो घातली आणि जम्पर तसाच ठेवला. मानेवाड्याकडच्या एका मोकळ्या लेआउटमध्ये गाडी शेवटपर्यंत तुफान पळाली. घरी येऊन बॅटरी बाहेर काढली तर उशीसारखी फुगलेली. तो मलाच विचारतो, “शेवटपर्यंत तर मस्त पळून राहिली होती ना बे!” तीच तर खूण होती. लायपोवर नीट लावलेला ईएससी शेवटी गाडी मुद्दाम मंद करतो. त्या दिवशी गाडी मंद झालीच नाही.

आता टायमिंग.

कॉइलमध्ये करंट एका क्षणात चढत नाही, त्याला वेळ लागतो. मोटर जितकी जोरात फिरेल तितका तो वेळ महाग पडतो. म्हणून करंट जरा आधीच सोडायचा. किती आधी, ते अंशांत मोजायचं. बुलेटच्या मेकॅनिकला हे समजवावं लागत नाही, इंजिनात स्पार्क आधी पाडतात त्याचंच हे भावंड. टायमिंग वाढवलं की वरचा वेग वाढतो, करंट वाढतो, उष्णता वाढते आणि तळाचा जोर कमी होतो. ब्रशच्या मोटरींत मागचं झाकण थोडं फिरवून हे करत. ब्रशलेसमध्ये ब्रश गेले, पण सेन्सरवाल्या मोटरच्या मागच्या बाजूला हॉल सेन्सरची (फिरता भाग कुठे आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरची) चकती राहिली. तिचे स्क्रू सैल करून ती फिरवता येते, बाहेर अंशांच्या खुणाही असतात. हे झालं मोटरचं टायमिंग, म्हणजे शेपटीवरचं.

दुसरं टायमिंग ईएससीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि खरा बखेडा त्याने केला. २००९-१० च्या सुमारास शर्यतीच्या ईएससींमध्ये दोन नवी नावं आली, बूस्ट आणि टर्बो. दोन्ही नावं फसवी. टर्बो म्हटलं की डिझेल गाडी आठवते, इथे हवेचा काही संबंध नाही. बूस्ट म्हणजे मोटरचा वेग चढत जाईल तसतसं सॉफ्टवेअरने वाढवत नेलेलं टायमिंग. टर्बो म्हणजे ट्रिगर पूर्ण ओढून ठरावीक वेळ गेली की सरळ रस्त्यावर वरून घातलेला आणखी डोस. शेपटीवरचं टायमिंग एकदा लावलं की तेवढंच राहतं, त्यामुळे तळाचा जोर की वरचा वेग, एक काहीतरी निवडावं लागतं. सॉफ्टवेअरने ती निवडच संपवली. वळणातून निघताना शून्य, सरळ रस्त्याच्या टोकाला दोन्ही मिळून ५० अंशांच्या वर. १७.५ ची मोटर १३.५ सारखी पळू लागली. नवशिक्यांसाठी ठेवलेला संथ वर्ग वेगवान वर्गाच्या बरोबरीला आला. पिनियनचा (मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचा) एक दात जरी जास्त झाला तरी मोटर धुरकटायची.

परदेशातल्या रेसिंग संघटनांनी यावर तोडगा काढला: स्टॉक वर्गात (१७.५ सारख्या ठरलेल्या संथ मोटरींच्या वर्गात) सॉफ्टवेअरचं टायमिंग शून्य. पण तपासायचं कसं? प्रत्येक गाडीला कॉम्प्युटर लावायला वेळ कुणाला आहे? मग ठरलं असं की या मोडमध्ये असताना, ट्रिगर न्यूट्रलला असला की ईएससीचा दिवा लुकलुकत राहील. दिवा लुकलुकतोय म्हणजे सॉफ्टवेअर वरून काही घालत नाही. उत्पादकांनी तसं फर्मवेअर दिलं आणि वर्गाचं नावच ‘ब्लिंकी’ पडलं.

कल्पना साधी होती, पण दिव्याचीच भाषा आधीपासून गुंतागुंतीची. बॅटरी खाली गेली की दिवा लुकलुकतो, ईएससी तापला की लुकलुकतो, सिग्नल नसला तरी लुकलुकतो. सेटिंग करताना कितव्यांदा लुकलुकला यावरून कितवी ओळ चालू आहे ते मोजायचं असतं. त्यात शर्यतीला पात्र असण्याची खूणही लुकलुकणंच. पहिल्यांदा ब्लिंकी मोड लावलेला पोरगा हमखास गाडी घेऊन येतो, “दादा, हे काऊन लुकलुकून राहिलं? जळलं का?” त्याला सांगावं लागतं, लुकलुकणं थांबलं तर माझ्याकडे ये.

निर्णयाबद्दल माझं मत लपवत नाही: हेतू बरोबर होता, इलाज मात्र आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा झाला. सॉफ्टवेअरचं टायमिंग बंद केलं, शेपटीवरचं बऱ्याच काळ मोकळं ठेवलं. मग स्पर्धा सेटिंगमधून निघून मोटरीत गेली. कमी रेझिस्टन्सचे स्टेटर (कॉइल असलेला स्थिर भाग) निवडून घ्यायचे, वेगवेगळ्या ताकदीचे रोटर (फिरणारं चुंबक) बदलून बघायचे, चकती फिरवून पाच-पाच अंशांनी टायमिंग वाढवायचं. जे काम आधी कार्डावर बटण दाबून फुकट व्हायचं, त्याला आता नवी मोटर लागू लागली. बूस्टवाल्यांचा एक मुद्दा मान्य करायला हवा: साधी मोटरही सॉफ्टवेअरच्या जोरावर महागड्या मोटरीला गाठू शकत होती. पण त्याची किंमत जळलेल्या मोटरींत मोजावी लागायची, हे ते सांगत नाहीत.

नागपुरात हा प्रश्न आणखी वाकडा होतो तो दोन कारणांनी. पहिलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, सिमेंटचा रस्ता किंवा बास्केटबॉलचं कोर्ट त्याहून तापलेलं. लायपो ६० अंशांच्या पलीकडे नेऊ नये असं म्हणतात. इथे ती गाडी सुरू होण्याआधीच निम्म्याहून अधिक वाट चाललेली असते. ईएससीचं थर्मल कट-ऑफ साधारण शंभर अंशांच्या आसपास असतं, आणि युरोपातल्या हॉलमध्ये जुळवलेली सेटिंग इथे चौथ्या फेरीतच गाडी मधोमध उभी करते. कोविडनंतर घरोघरी तापमान बघायच्या गन आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं सोय झाली. पण ती कपाळाची गन ४२-४३ च्या वर नुसतं ‘हाय’ दाखवते. मोटरीसाठी वेगळी, कारखान्यात वापरतात तसली घ्यावी लागली. या तापण्यामुळे उन्हाळ्यात वाद आपोआप मिटतो: टायमिंग शून्य, पंच (सुरुवातीच्या झटक्याची सेटिंग) खाली, पिनियन एक-दोन दात लहान, आणि गाडी सकाळी सातच्या आत. काळ्या मातीचा आणि मुरमाचा बारीक फुफाटा ईएससीच्या पंख्यात जातो, तो ब्रशने साफ करणं हेही सेटिंगइतकंच महत्त्वाचं.

दुसरं कारण पैशाचं. इथल्या निम्म्या गाड्यांत स्वस्त सेन्सरलेस ईएससी आहेत. त्यांत मोटर कुठे आहे हे कॉइलमधल्या उलट्या व्होल्टेजवरून ओळखलं जातं, त्यामुळे सुरुवातीला गाडी अडखळते. त्यांच्या प्रोग्रॅमिंगमध्ये टायमिंगची ओळ एकतर नसतेच, किंवा आतून ठरलेल्या मोजक्या पायऱ्या असतात. ब्लिंकी मोड नाही. मग नियम कोणाला लावायचा? सेन्सरवाला ईएससी घेणाऱ्याने जास्त पैसे मोजले म्हणून त्याच्यावर बंधन, आणि स्वस्तवाला मोकळा? गेल्या काही वर्षांत सेटिंग मोबाइलच्या ॲपवर आलं आहे. बऱ्याच ईएससींत सर्वात जास्त आरपीएम आणि तापमानाची नोंदही राहते. ती बघून तपासणी करता येईल, असं तरुण मुलांचं म्हणणं. त्यावर जुन्यांचं उत्तर ठरलेलं: आधी सगळ्यांकडे तेवढा ईएससी येऊ दे.

तूर्तास सेन्सरवाल्यांची रांग वेगळी आणि बाकीच्यांना पिनियनच्या दातांची मर्यादा, एवढं मान्य झालं आहे. तपासणी दिव्यावरच. फक्त नागपूरच्या उन्हात तो बारका लाल दिवा दिसतच नाही. म्हणून रांगेत गाडी आली की तपासणारा उकिडवा बसतो, डोक्यावरची टोपी काढून गाडीच्या चेसिसवर धरतो आणि त्या सावलीत डोकं घालून पाच-सहा वेळा लुकलुकलेलं मोजतो. मागे उभ्या गाडीवाल्याचा तोवर ट्रिगरवर हात असतो. कोणीतरी ओरडतं, “ट्रिगर सोड ना भाऊ, न्यूट्रलला असल्याशिवाय लुकलुकत नाही ते!”