डेंग्यूचा प्रचार होत नाही

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘डेंग्यूचा प्रचार रोखण्यासाठी सर्व सभासदांनी सहकार्य करावे.’ खडूने, सुरेख वळणदार अक्षरात. मी सेक्रेटरींची बेल वाजवली. ‘अहो, डेंग्यूचा प्रसार होतो, प्रचार नाही.’ ते म्हणाले, ‘एकच की हो!’

एकच नाही. आणि हे ‘एकच की हो’ मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता लिहूनच टाकते.

प्रचार सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणूक आली की तलावपाळीवरून कर्णे लावलेल्या रिक्षा फिरतात, आणि मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास सगळं थंडावतं. त्यावर अधिक बोलायला नको.

घोळ प्रसाराचा आहे. प्रसार म्हणजे पसरणं. आपलं ‘पसरणे’ त्याच ‘सृ’ धातूच्या घरातलं. कोणी मुद्दाम पसरवलं तरी प्रसार, आपसूक पसरलं तरी प्रसारच. एप्रिल-मेमध्ये येऊरला गेलात तर काटेसावरीची बोंडं उकललेली दिसतील. वाऱ्याची झुळूक आली की पांढरा कापूस सुटतो, आणि त्यात अडकलेलं काळं, मिरीएवढं बी कुठल्या कुठे जाऊन पडतं. शाळेत याला बीजप्रसार म्हणायला शिकलो. बीजप्रचार कोणी म्हणत नाही, कारण सावरीला कोणाचं मन वळवायचं नसतं. डेंग्यूच्या डासालाही नसतं.

प्रचाराला माणूस लागतो, आणि त्या माणसाला समोरच्याला काहीतरी पटवायचं असतं. म्हणून मी एकच कसोटी लावते: ऐकणाऱ्याला पटलं नाही, तर काम फसलं का? शुक्रवारी पाणी येणार नाही, हे तुम्हाला पटो न पटो, नळ कोरडाच राहणार. निरोप घरोघर पोचला की झालं. तो माहितीचा प्रसार. ‘पाणी जपून वापरा’ हे नुसतं पोचून भागत नाही, गळ्याखाली उतरावं लागतं. तो प्रचार. भाषेलाही हा फरक पक्का माहीत आहे. अपप्रचार हा शब्द आपण रोज वापरतो, ‘अपप्रसार’ मात्र कोणी घडवला नाही. खोटा हेतू प्रचारात शिरू शकतो. पसरण्याला स्वतःचा हेतूच नसतो.

यावर कोणी ‘वाक्प्रचार’ पुढे करतं. आक्षेप रास्त आहे. तिथला ‘प्रचार’ जुन्या अर्थाचा, म्हणजे वहिवाट, चलन. ‘हा शब्द प्रचारात नाही’ म्हणतो तोही तोच. ‘प्रचारात असणे’ वेगळं आणि ‘प्रचार करणे’ वेगळं, एवढं धरून ठेवलं की गोंधळ उरत नाही.

संस्थांची नावं पाहा. १९१८ साली मद्रासेत सुरू झालेल्या संस्थेचं नाव दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा. लोकांनी हिंदी शिकावी, हे पटवायचं होतं, तेव्हा नाव चोख. आकाशवाणी आणि दूरदर्शन १९९७ पासून ज्या महामंडळाखाली आहेत, ते प्रसार भारती. प्रसार आणि प्रचार यांची इथे अदलाबदल करून बघा, दोन्ही संस्थांचं काम बदलतं.

मला सर्वांत खुपतो तो ‘प्रचार व प्रसार’ हा जोड. प्रत्येक मंडळाच्या उद्दिष्टांत पहिल्या ओळीत असतो आणि बहुतेकदा त्यातला एक शब्द नुसता भरीला. दोन्ही कामं खरंच होत असतील तरच दोन्ही लिहा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून लोकांच्या हाती पुस्तकं देतंय, हा वाचनाचा प्रसार. न वाचणाऱ्या पोराला कोणी समजावून तिथे नेलं, तर तो प्रचार.

बाकी किरकोळ. पत्रक प्रसृत करतात, कार्यक्रम प्रसारित करतात. ‘प्रसृत’ला ‘प्रसूत’ छापू नका, प्रसूत बाळंतीण होते. आणि ‘प्रसृत’ जड वाटत असेल तर सरळ ‘पत्रक काढलं’ म्हणा. मला तेच आवडतं.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी फळा पुसला. आम्ही दोघांनी बसून नवा मजकूर केला: ‘डेंग्यूचा प्रसार साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे होतो. हे डास दिवसा चावतात. दर रविवारी पिंप, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून, घासून, कोरड्या कराव्यात.’ पहिल्या दोन वाक्यांत प्रसार झाला. रविवारी सकाळी ते स्वतः जिने चढून दारोदार सांगत गेले, तो प्रचार.