आपल्या शेतातल्या वाणाची आपल्या नावावर नोंदणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ भातातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या आणि त्यातून एचएमटी हा वाण उभा केला. तेव्हा शेतकऱ्याच्या नावावर वाण नोंदवायचा कायदाच नव्हता. आता पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ आहे. ज्यांच्या घरात असं बी आहे, त्यांनी या कायद्याखाली वाण नोंदणीचा अर्ज करावाच.

अर्ज एकटा शेतकरी, गट किंवा संपूर्ण गावही करू शकतं. वाण शेतकऱ्यांनी परंपरेने लावलेला, शेतात घडवलेला असावा. तो नवा असण्याची अट नाही. मात्र ते पीक या कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या अधिसूचित यादीत हवं. हे प्राधिकरणाच्या पुण्याच्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या.

शेतकरी वाणासाठी फॉर्म १ भरायचा. सोबत वाणाची तांत्रिक माहिती, फोटो, वाणाचं नाव (नुसते आकडे चालत नाहीत) आणि त्यात टर्मिनेटर तंत्रज्ञान (ज्यामुळे पिकातून आलेलं बी पुन्हा उगवत नाही) नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. अर्ज अडतो तो बहुतेकदा शिफारशीपाशी. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी, यांपैकी एकाची सही हवी. वाण कुणाकडून आला, किती वर्षं निवड केली, दाणा, उंची, पक्व होण्याचे दिवस, हे आजपासूनच वहीत लिहा. सही मागायला जाताना ती वही सोबत न्या.

शेतकऱ्याला नोंदणी शुल्क माफ आहे. पिकानुसार ठरलेलं बियाणंही द्यावं लागतं. ते चाचणीच्या शेतात लावून वाण इतरांहून वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे का ते पाहतात. एकसारखेपणात शेतकरी वाणाला सवलत आहे, इतरांच्या दुप्पट वेगळी झाडं चालतात. मग प्राधिकरणाच्या जर्नलमध्ये जाहिरात येते, हरकतींसाठी तीन महिने मिळतात आणि त्यानंतर प्रमाणपत्र. नोंदणीची मुदत पिकांना सुरुवातीला ६ वर्षं, नूतनीकरणाने एकूण १५. झाडं व वेलींना ९ आणि १८.

नोंदणी केली तर शेजाऱ्याला बी देता येणार नाही, ही भीती मनातून काढा. कलम ३९ प्रमाणे बी राखून ठेवणं, पेरणं, वाटणं, अदलाबदल आणि विक्री हा शेतकऱ्याचा हक्क आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.