प्रोग्रॅमने उघडलेले एक्सेल रिकामे का असते?

फोर्टमधल्या दलाली पेढ्यांपासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या म्युच्युअल फंडांच्या कचेऱ्यांपर्यंत, मुंबईच्या आर्थिक व्यवहारांचे अनेक अहवाल आजही एखादा डेस्कटॉप प्रोग्रॅम पडद्यामागे एक्सेल उघडून तयार करतो. अशा ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रॅमरला हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. तीच फाइल हाताने उघडली, तर सगळी सूत्रे व्यवस्थित चालतात. प्रोग्रॅममधून उघडली, तर अ‍ॅड-इनवर (एक्सेलला जादा फंक्शने पुरवणाऱ्या जोड-फाइलीवर) अवलंबून असलेल्या सेलमध्ये पुनर्गणना होताच '#नेम?' (हे नाव ओळखीचे नाही) असा शेरा उमटतो. याला दोष म्हणण्याचा मोह होतो, पण हे वर्तन जाणूनबुजून ठरवलेले आहे आणि त्याची मुळे तीस वर्षांहून जुनी आहेत.

१९९२ च्या एक्सेल ४ बरोबर सी भाषेतून एक्सेलशी बोलण्याची सोय आली आणि 'एक्सएलएल' हा अ‍ॅड-इनचा प्रकार रुळला. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, एक्सेल ५ मध्ये व्हीबीए ही मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिण्याची भाषा आली आणि तिच्याबरोबर ओएलई ऑटोमेशनही, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने एक्सेलला एखाद्या घटकासारखे वापरण्याची व्यवस्था. मुंबईच्या दृष्टीने ही वेळ नेमकी जुळून आली. राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे संगणकीय व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले, मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' प्रणाली १९९५ मध्ये आली, आणि आकडे आधीच संगणकात असल्यामुळे व्हिज्युअल बेसिकमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून ते थेट एक्सेलमध्ये उतरवणे सोयीचे झाले.

ऑटोमेशनने सुरू झालेले एक्सेल मात्र 'एक्सएलस्टार्ट' फोल्डरमधल्या, एरवी सुरुवातीलाच आपोआप उघडणाऱ्या, फाइली उघडत नाही आणि वापरकर्त्याने यादीत खूण करून ठेवलेले अ‍ॅड-इनही आपणहून चढवत नाही. ते एक्सेल ज्याने उघडले त्या प्रोग्रॅमचे असते, माणसाचे नव्हे, असा हिशेब त्यामागे दिसतो. कोणाच्या यंत्रावर कोणते अ‍ॅड-इन आहेत हे बोलावणाऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक नसते, आणि त्यातल्या एखाद्याने मध्येच संवादचौकट उघडून उत्तराची वाट पाहिली, तर रात्रीचे सगळे काम तिथेच अडकते. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. तो वापरकर्त्याला कुठेच दिसत नाही, एवढीच त्याची अडचण.

ही अडचण सर्वांत ठळकपणे जाणवली ती 'अ‍ॅनालिसिस टूलपॅक'मुळे. म्युच्युअल फंडाचा परतावा काढताना लागणारे एक्सआयआरआर हे फंक्शन एक्सेल २००३ पर्यंत मूळ एक्सेलमध्ये नव्हतेच. ते या टूलपॅकमधून येत असे. त्यामुळे ऑटोमेशनने उघडलेल्या एक्सेलला ते ओळखताच येत नसे. 'रजिस्टर-एक्सएलएल' ही पद्धत वापरून 'अ‍ॅनालिस३२' ही फाइल प्रोग्रॅममधूनच नोंदवणे, हा त्यावरचा उपाय होता. एक्सेल २००७ ने ही फंक्शने मूळ संचात घेतली आणि अनेक कचेऱ्यांतला हा प्रश्न काही न करता सुटला. स्वतःचे अ‍ॅड-इन बाळगणाऱ्यांचा मात्र तसाच राहिला.

अशा अ‍ॅड-इनसाठी दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यात 'इन्स्टॉल्ड' हा गुणधर्म आधी 'फॉल्स' करून मग 'ट्रू' करतात, कारण रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीतल्या) नोंदीनुसार तो आधीपासूनच 'ट्रू' असतो आणि पुन्हा 'ट्रू' म्हटल्याने काहीच घडत नाही. या मार्गाने आपण वापरकर्त्याच्या स्वतःच्या मांडणीत हात घालतो, म्हणून मला तो पसंत नाही. दुसऱ्यात अ‍ॅड-इनची 'एक्सएलए' किंवा २००७ नंतरची 'एक्सएलएएम' फाइल साध्या वर्कबुकसारखी पूर्ण पत्ता देऊन उघडतात. इथे एक बारकावा आहे: 'वर्कबुक-ओपन' ही घटना तेव्हा घडते, पण जुन्या धाटणीचा 'ऑटो-ओपन' मॅक्रो आपोआप चालत नाही, त्यासाठी 'रन-ऑटो-मॅक्रोज' वेगळे बोलवावे लागते. जुन्या पेढ्यांतले बरेच अ‍ॅड-इन आपले सारे सुरुवातीचे काम याच मॅक्रोत करतात, त्यामुळे फाइल उघडलेली दिसते पण आतले काहीच तयार नसते.

ऑफिस २००० पासून 'कॉम' (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमचे घटक जोडण्याची पद्धत) प्रकारचे अ‍ॅड-इन आले. त्यांची नोंद रजिस्ट्रीत वेगळ्या जागी असते आणि प्रोग्रॅममधून 'कनेक्ट' गुणधर्म 'ट्रू' करून ते जोडता येतात. २०१३ मधल्या जावास्क्रिप्टच्या अ‍ॅड-इननी तर वाटच बदलली, कारण ते मॅनिफेस्ट नावाच्या वर्णन-फाइलवरून ओळखले जातात आणि वेब पानासारखे चालतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत इतिहास थोडा उलटा वाटतो. १९९६ चा 'लारू' हा मॅक्रो व्हायरस 'एक्सएलस्टार्ट' फोल्डरमध्येच घर करत असे, म्हणजे ऑटोमेशनने उघडलेले एक्सेल ज्या फोल्डरकडे पाहतच नाही, नेमक्या त्यात. मात्र याच एक्सेलमध्ये प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइलींचे मॅक्रो न विचारता चालू राहतात. 'ऑटोमेशन-सिक्युरिटी' हा गुणधर्म मुळात सर्वांत सैल पातळीवर असतो आणि तो कडक करणे प्रोग्रॅमरवर सोडलेले आहे.

सध्या कचेऱ्यांमध्ये सर्वाधिक वेळ खाणारी बाब वेगळीच आहे. ऑफिस २०१० पासून एक्सेल ६४-बिटमध्येही मिळू लागले आणि २०१९ पासून इन्स्टॉलर, वेगळे काही निवडले नाही तर, तेच बसवतो. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट एक्सेलला बाहेरून खुशाल चालवू शकतो, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्मृतीतल्या स्वतंत्र जागांत, असतात. ३२-बिट एक्सएलएल मात्र एक्सेलच्याच प्रोसेसमध्ये शिरावी लागते, म्हणून ती तिथे चढतच नाही. 'रजिस्टर-एक्सएलएल' अशा वेळी अपयश कळवते, पण ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तिचे उत्तर तपासलेलेच नाही, तिथे अहवाल छापून झाल्यावरच '#नेम?' दिसतो.