कॉफीच्या आधीचा तिरामिसू: फळं, लिकर आणि बिस्किटांच्या थरांची पार्श्वभूमी

तिरामिसू म्हणजे भिजवलेली बिस्किटं नि क्रीम यांचे थर लावलेलं इटालियन गोड. लिंबाचा किंवा स्ट्रॉबेरीचा तिरामिसू घरी करून कुणाला खायला दिला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "छान झालंय, पण हा खरा तिरामिसू नाही हं, खऱ्यात कॉफी असते." मलाही ते बरीच वर्षं पटायचं. मग एकदा या पदार्थाच्या मागचं वाचायला बसले नि लक्षात आलं की गोष्ट उलटी आहे. फळ आणि लिकर (गोड, सुगंधी दारू) घालून बिस्किटांचे थर लावायची पद्धत इटलीत चांगली शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि कॉफीवाला तिरामिसू हेच त्या घराण्यातलं शेंडेफळ आहे. म्हणून लिमोन्चेलो, म्हणजे लिंबाच्या सालीचं लिकर, घालून केलेला तिरामिसू म्हणजे कुणीतरी हल्ली काढलेलं फॅड, असं जे बोललं जातं ते मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगावंसं वाटतंय.

आधी तिरामिसूचंच बघू. इटलीच्या ईशान्येला वेनेतो प्रांतात त्रेव्हिजो नावाचं शहर आहे, व्हेनिसपासून अगदी जवळ. तिथल्या 'ले बेक्केरिये' या रेस्टॉरंटच्या मेनूवर १९७२ मधे हा पदार्थ आला. रेस्टॉरंट आदो काम्पेओल यांचं, पदार्थ बसवला त्यांची पत्नी आल्बा आणि पेस्ट्री शेफ रोबेर्तो लिंगुआनोत्तो यांनी. आल्बा बाळंतीण असताना अशक्तपणा होता म्हणून सासूबाईंनी अंड्याचा बलक, साखर आणि कॉफी असं काहीतरी ताकदीचं खायला दिलं, त्यावरून सुचलं अशी एक गोष्ट सांगतात, आणि लिंगुआनोत्तोंच्या हातून आइस्क्रीम करताना थोडं मस्कारपोने (सायीचं मऊ चीज) चुकून अंडं-साखरेच्या भांड्यात पडलं अशी दुसरी. बाळंतिणीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते कारण वेनेतोमधे बलक आणि साखर फेटून केलेलं 'स्बातुदिन' लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणींना द्यायची रीत खरंच होती, आपल्याकडे डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर देतात तशीच. नावातही तेच आहे, तिरा मि सू म्हणजे 'मला वर उचल', थोडक्यात मरगळ घालव.

आता गंमत बघा, त्रेव्हिजोच्या या मूळ पाककृतीत दारूचा थेंबही नाही. बारा अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मस्कारपोने, साठ सावोयार्दी बिस्किटं, कॉफी आणि वरून कोको पावडर, संपलं. मुलांनी आणि म्हाताऱ्यांनीही खावं म्हणून दारू नव्हती असं सांगतात. मार्साला (इटालियन वाईन), रम वगैरे नंतरच्या लोकांनी घातलं. म्हणजे जे लोक 'मूळ' मूळ करतात त्यांच्या घरच्या तिरामिसूत जर रम असेल तर तोही मूळ नाहीच ना!

शेजारच्या फ्रिउली प्रांताचा दावा वेगळाच आहे. त्यांचं म्हणणं की डोंगरातल्या तोल्मेझ्झो गावातल्या एका हॉटेलात नोर्मा पिएल्ली ही बाई १९५० च्या दशकातच हे करून वाढत होती, शिवाय पिएरिस गावात एका खानावळीत याच अर्थाच्या नावाचं कपातलं थंड गोड मिळायचं. २०१७ मधे इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावावर घातला तेव्हा वेनेतोचे गव्हर्नर लुका झाइया चांगलेच भडकले होते. कोण खरं ते ठरवायच्या फंदात मी पडत नाही. पण दोन्ही दावे धरले तरी हा पदार्थ विसाव्या शतकाच्या मागे जात नाही, हे महत्त्वाचं.

थर मात्र बरेच मागे जातात. एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना या भागात 'झुप्पा इंग्लेझे' नावाचं गोड आहे, शब्दशः अर्थ इंग्लिश सूप, पण सूपशी काही संबंध नाही, दारूत भिजवलेली बिस्किटं किंवा स्पंज आणि कस्टर्ड यांचे थर. इंग्रजांच्या ट्रायफलवरून हे आलं असं बरेच जण मानतात आणि दिसायला ते आहेही तसंच. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वाढदिवसाला स्पंज केक, कस्टर्ड पावडर, जेली नि टिनमधली फळं घालून काचेच्या बोलमधे ट्रायफल पुडिंग व्हायचं त्यांना झुप्पा इंग्लेझे बघून परकं वाटणार नाही. दोन्हींची मूळ युक्ती एकच, सुकं बिस्किट किंवा शिळा केक कशात तरी भिजवून परत मऊ करायचा.

पेल्लेग्रिनो आर्तुसी हा मूळ फोर्लिम्पोपोलीचा, पण आयुष्य फिरेंझेत, म्हणजे फ्लॉरेन्समधे, काढलेला माणूस. त्याने १८९१ मधे स्वतःच्या पैशाने पाककृतींचं पुस्तक छापलं, पुढे त्याच्या आवृत्त्या वाढत गेल्या आणि ४७५ पाककृतींच्या शेवटी ७९० झाल्या. इटलीच्या घराघरात हे पुस्तक असतं. त्यातली झुप्पा इंग्लेझे मी जेव्हा नीट वाचली तेव्हा अक्षरशः उठून उभी राहिले. तो म्हणतो साच्याला लोणी लावा, तळाला जर्दाळू, पीच किंवा क्विन्सचा चांगला मुरांबा असेल तर तो घाला, वर कस्टर्डचा थर, मग लिकरमधे बुडवलेली सावोयार्दी. शिवाय अर्धी बिस्किटं लाल आल्केर्मेसमधे आणि अर्धी पांढऱ्या रोझोलिओमधे बुडवून एक लाल एक पांढरं अशी लावा, म्हणजे साच्यातून काढल्यावर पट्टे दिसतील. फळ आहे, लिकर आहे, सावोयार्दी आहेत, क्रीम आहे, थर आहेत. मग आपण स्ट्रॉबेरी आणि लिमोन्चेलो घालतो त्यात नवं काय केलं? उलट कॉफी ही नवी आली. त्याच पुस्तकात 'दोल्चे तोरिनो' म्हणून अजून एक आहे, लिकरमधे भिजवलेली सावोयार्दी आणि लोणी-चॉकलेटचं क्रीम, त्यालाही बरेच जण तिरामिसूचा पूर्वज म्हणतात.

ते आल्केर्मेस म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लालभडक रंगाचं लिकर, त्यात दालचिनी, लवंग, वेलची, गुलाबपाणी. फिरेंझेच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला या मठाच्या औषधालयात फ्रा कोझिमो बुचेल्ली या साधूने १७४३ मधे त्याची कृती बसवली आणि ते गोडात घालायचं म्हणून नव्हे तर थकल्याभागल्यांना तरतरी यावी म्हणून विकलं जायचं. म्हणजे हेही 'मला वर उचल'च की! रंग यायचा तो एका बारीक किड्यापासून, ओकच्या झाडावर राहणारा केर्मेस आणि नंतर मेक्सिकोहून आलेला कोशिनील. अरबीत त्या किड्याला किर्मिझ म्हणायचे, अल-किर्मिझचं आल्केर्मेस झालं. आणि आपण मराठीत गडद लाल रंगाला किरमिजी म्हणतो ना, तो शब्द तिथलाच, फारसी-अरबीतून आपल्याकडे आलेला. फिरेंझेतली लिकरची बाटली आणि आजीच्या किरमिजी लुगड्याचा रंग यांचं नाव एकाच किड्यावरून पडलंय हे मला फार आवडलं. (शाकाहारी असाल नि बाटली घेणार असाल तर लेबल वाचा, आजही काही जण कोशिनील वापरतात, काही कृत्रिम रंग.)

सावोयार्दी म्हणजे आपण लेडी फिंगर म्हणतो ती बिस्किटं. नाव सावोय घराण्यावरून, जे पुढे इटलीचे राजे झाले. १३४८ मधे दरबारी मेजवानीसाठी केली अशी दंतकथा आहे पण त्यावर मी भर देणार नाही. महत्त्वाचं हे की त्यात लोणी-तूप नसतं, नुसती फेटलेली अंडी, साखर, मैदा, त्यामुळे आतून जाळीदार राहतात आणि द्रव पटकन ओढतात. साधी मारीसारखी बिस्किटं घातली तर ती ओढत नाहीत, वरून गाळ होतात.

मग कस्टर्ड जाऊन मस्कारपोने कधी आलं? मस्कारपोने लोम्बार्दीचं, लोदी आणि आब्बियातेग्रास्सो या भागातलं. याला चीज म्हणतात पण यात रेनेट (चीज करताना दूध फाडायला घालतात ते एन्झाइम) नसतं, घट्ट साय साधारण ८५-९० अंशांपर्यंत तापवून त्यात आम्ल घालायचं आणि फडक्यात बांधून पाणी निथळवायचं. श्रीखंडाचा चक्का टांगणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही, फरक एवढाच की तिथे विरजणाऐवजी लिंबाचा रस किंवा सायट्रिक अ‍ॅसिड आणि दुधाऐवजी साय. हे लवकर खराब होतं म्हणून पूर्वी थंडीच्या दिवसांतच करायचे. इटलीत घरोघरी फ्रिज आले ते महायुद्धानंतरच्या भरभराटीत, १९५०-६० च्या सुमाराला, आणि कच्च्या अंड्याचं, मस्कारपोनेचं, न भाजता रात्रभर थंड करायचं गोड नेमकं त्याच काळानंतर डोकं वर काढतं. माझ्या मते तिरामिसूच्या जन्माचं खरं कारण हा फ्रिज आहे, भले गोष्टी कुठल्याही सांगोत. १९८० च्या दशकात तो अमेरिकेत पोचला, १९९० मधे जपानमधे तर त्याची लाटच आली.

आता लिमोन्चेलो. आर्तुसीच्या काळात घरोघरी रोझोलिओ करायचे, म्हणजे गोड, सौम्य, फुलं किंवा फळांच्या सालींचं लिकर. लिमोन्चेलो त्याच नात्यातलं. नेपल्सच्या खालचा समुद्रकिनारा, सोरेंतो, आमाल्फी आणि कापरी बेट, इथे डोंगरउतारावर पायऱ्या करून चेस्टनटच्या लाकडी मांडवाखाली लिंबं लावतात. ही लिंबं लांबट, जाड सालीची आणि सालीत भरपूर तेल. नुसती पिवळी साल सोलायची, पांढरा भाग आला की कडू, ती जवळपास शुद्ध अल्कोहोलमधे मुरवायची, मग साखरेचा पाक घालायचा. पाक घातला की ते दुधाळ होतं, कारण अल्कोहोल पातळ झाल्यावर सालीतलं तेल बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. घरगुतीच होतं हे, 'लिमोन्चेलो' नावाचा ट्रेडमार्क कापरीच्या मास्सिमो कानाले यांनी १९८८ मधे नोंदवला आणि मग ते जगभर गेलं. त्याआधीच, १९७८ मधे, सोरेंतोच्या कार्मिने मार्झुइल्लो यांनी 'देलिझिया अल लिमोने' केलं होतं, लिमोन्चेलोत भिजवलेल्या स्पंजचा छोटा घुमट नि वर लिंबाचं क्रीम. दक्षिणेतला हा घुमट आणि उत्तरेतले तिरामिसूचे थर एकत्र आणले की लिंबाचा तिरामिसू तयार.

आपल्या कागदी लिंबाची साल पातळ नि कडसर, तिच्यापासून ती चव येत नाही, ईडलिंबू किंवा जाड सालीचं पिवळं लेमन मिळालं तर घ्या. वोडकात मुरवलेलं जरा फिकं होतं कारण सालीतलं तेल उतरायला कडक अल्कोहोल लागतं.

घरी करताना मी अर्धा किलो मस्कारपोने, चार बलक, १०० ग्रॅम साखर नि साधारण ३०० ग्रॅम सावोयार्दी घेते. मस्कारपोने घरी करणार असाल तर ३५ टक्क्यांच्या वर फॅट असलेलं क्रीम बघा, पाकिटातलं २५ टक्केवालं कितीही टांगलं तरी सैलच राहतं. बलक, साखर आणि दोन-तीन चमचे लिमोन्चेलो गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात घट्ट होईपर्यंत फेटायचं, हेच झाबाल्योने, तिथे मार्साला घालतात, आपण लिमोन्चेलो. कच्च्या अंड्याची भीतीही त्याने कमी होते. पूर्ण गार झाल्याशिवाय मस्कारपोनेत मिसळायचं नाही, वितळून पाणी होतं, आणि मिसळताना जास्त फेटलं तर फुटून लोणी व्हायला लागतं. लिंबाची किसलेली साल क्रीममधे, रस मात्र भिजवायच्या पाण्यात. लिमोन्चेलोत २५-३० टक्के अल्कोहोल असतं, नुसत्यात बिस्किटं बुडवली तर घशाला लागतं, म्हणून त्यात तेवढंच साखरपाणी आणि थोडा रस. दोन्ही बाजूंनी एकेक सेकंद, बस.

स्ट्रॉबेरीचा करायचा तर महाबळेश्वरचा सीझन थंडीतला, त्यातली लालगर्द, थोडी जास्त पिकलेली घ्यायची, चिरून साखर लावून अर्धा तास ठेवायची, सुटलेला रस भिजवायला आणि फोडी मधल्या थरात. हे शिजत नाही त्यामुळे अल्कोहोल आहे तसंच राहतं, मुलांसाठी वेगळ्या भांड्यात नुसत्या रसात भिजवलेला लावा, त्रेव्हिजोच्या काम्पेओलांनीही बिनदारूचाच केला होता. कोको यावर नको, वरून पिस्ता किंवा लिंबाची साल. रात्रभर फ्रिजमधे राहू दे, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी सरळ तळापर्यंत गेली की झाला.