इंग्लंडमधल्या पूर्वजाचं जन्मगाव शोधताना: कोणता कागद, कुठे आणि किती भरवशाचा

इंग्लंडच्या जुन्या कागदांत एकाच माणसाच्या नावापुढे तीन गावं सापडू शकतात: तो राहत होता ते, कायद्याने त्याचा अधिवास होता ते आणि तो जन्मला ते. आपल्याकडे अधिवासाचा दाखला आणि जन्मदाखला यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही. लग्नाच्या नोंदीत 'याच पॅरिशचा' (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) असं दिसलं की तेच जन्मगाव धरलं जातं आणि शोध भरकटतो. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की लग्नाच्या वेळी माणूस त्या चर्चच्या हद्दीत राहत होता.

सुरुवात अलीकडच्या कागदापासून करून मागे जायचं. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंद सुरू झाली. या नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की सूची फुकट पाहता येते. जुन्या जन्मांच्या सूचीत आईचं माहेरचं आडनावही मिळतं. नोंदी तिमाहीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि नोंदणीला 42 दिवसांची मुदत असे, म्हणून डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. नोंद न केल्यास दंड होऊ लागला तो 1875 पासून. त्याआधीची काही मुलं सूचीत नाहीतच.

दाखला कोणालाही मागता येतो. नातं सिद्ध करावं लागत नाही, ब्रिटिश नागरिकत्वही लागत नाही. गेल्या 50 वर्षांतल्या जन्मांसाठी मात्र जादा तपशील विचारतात. एप्रिल 2024 च्या दरांनुसार कागदी दाखला 12.50 पौंड, पीडीएफ 8 पौंड आणि जुन्या नोंदींची डिजिटल प्रतिमा 3 पौंड. पैसे भरण्यापूर्वी चालू दर पाहून घ्या. घराण्याचा इतिहास जुळवायला स्वस्त प्रत पुरते. पण आजी-आजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलं म्हणून 'यूके अँसेस्ट्री' व्हिसा मागायचा असेल, तर कागदी, पूर्ण जन्मदाखलाच मागवा. पणजोबांचा जन्म तिथे चालत नाही. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय नागरिकही, 17 वर्षं पूर्ण असतील तर, या व्हिसासाठी पात्र ठरतात.

मृत्युदाखला मागवून जन्मगाव कळेल ही आशा ठेवू नका. तो रकाना 1 एप्रिल 1969 पासूनचा. जुन्या लग्नाच्या दाखल्यातही वडिलांचं नाव आणि धंदा असतो, जन्मगाव नसतं.

जन्मगाव खरं मिळतं ते जनगणनेत. 1841 च्या खानेसुमारीत फक्त 'याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जन्म आहे का' एवढंच विचारलं होतं, आणि 15 वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. 1851 पासून पॅरिश आणि काउंटी दोन्ही विचारली गेली. पूर्वज जितक्या खानेसुमाऱ्यांत सापडेल तितकी सगळी उत्तरं वर्षासह एकाखाली एक मांडा. ती जुळणार नाहीत. कोणी जवळचं मोठं गाव सांगतो, कोणी आठवतं तेव्हापासूनचं. शिवाय उत्तर घरातल्या दुसऱ्याच कोणी दिलेलं असू शकतं. काउंटीच्या सीमेवरची गावं तर हमखास फसवतात: टॉडमॉर्डनच्या मधूनच लँकशायर आणि यॉर्कशायरची हद्द जात असे.

1837 च्या मागे गेलं की चर्चच्या वह्या. त्या 1538 पासून ठेवायचा हुकूम होता, पण सगळ्या टिकल्या नाहीत. जिथे मूळ वही गेली तिथे बिशपकडे पाठवलेली वार्षिक नक्कल शोधावी. आता बहुतेक वह्या काउंटीच्या अभिलेखागारात आहेत. लक्षात ठेवायचं ते हे, की ही बाप्तिस्म्याची नोंद आहे, जन्माची नव्हे. पहिलं मूल पुष्कळदा आईच्या माहेरच्या चर्चमध्ये नेत. 1813 पासून छापील वहीत राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचा धंदा येतो. त्याआधी बरेचदा नुसती नावं. 1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखा एका वर्षाने घसरलेल्या वाटतात.

गाव बदलत राहिलेल्या गरीब माणसासाठी सर्वांत मोलाचे कागद मात्र वेगळेच. 1662 च्या कायद्यानंतर प्रत्येकाचा अधिवास, तिथल्या भाषेत 'सेटलमेंट', ठरवला जाऊ लागला, कारण गरिबीत मदत त्याच पॅरिशने द्यायची होती. लग्नातून झालेल्या मुलाला बापाचा अधिवास मिळे, बायकोला नवऱ्याचा. पुढे अविवाहिताने पूर्ण वर्ष चाकरी केली, कारागिराकडे शिकाऊ म्हणून काम केलं किंवा वर्षाला 10 पौंड भाड्याची जागा घेतली, तर नवा अधिवास. म्हणून काही मालक मुद्दाम 51 आठवड्यांचीच चाकरी देत! मदत मागणाऱ्याची, किंवा मागेल अशी शंका असलेल्याची, दोन न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबानी होई: जन्म कुठे, कोणाकडे किती दिवस राबला, लग्न कधी. माणसाचा सगळा प्रवास एका पानात मिळतो. पण जन्मगावापुढे 'ऐकल्याप्रमाणे' असं असेल तर ते ऐकीवच समजा. हकालपट्टीच्या हुकुमात ज्या गावी पाठवलं, ते अधिवासाचं गाव. तिथे तो जन्मला असेलच असं नाही. हुकूम, अधिवासाचे दाखले आणि जबान्या ही गरीब-मदतीच्या कागदपत्रांत असतात. अभिलेखागाराला लिहिताना नुसतं 'पूर्वज हवाय' असं न म्हणता पॅरिश, वर्षं आणि कागदाचा प्रकार लिहा.

बाप्तिस्मा सापडला तरी थांबू नका. त्याच पॅरिशच्या दफनवहीत पुढची काही वर्षं पाहा. त्या नावाचं मूल लहानपणीच गेलं असेल, तर तो तुमचा पूर्वज नव्हे. चर्चमध्ये काहीच मिळालं नाही तर पंथबाह्य, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या, ख्रिश्चनांच्या वह्या तपासा, त्यांतल्या बऱ्याच ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जमा आहेत. पूर्वज शिपाई होऊन इकडे आला असेल, तर मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारचं जुनं खातं) 'एन 3' मालिकेत आहेत. दफनाच्या त्या नोंदीत जन्मगाव शोधत बसू नका. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त होऊन पेन्शन मिळवलेल्यांचं जन्मगाव नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'डब्ल्यू ओ 97' मालिकेतल्या कागदांत मिळतं.