जुन्या झेड-वेव्ह रिमोटवर नवा डिमर चालवायचा तर

जुना डिमर जळाला म्हणून नवा बसवला. फोनवरच्या अ‍ॅपमधून दिवा हवा तसा मंद-तेज होतो, पण इतकी वर्षं त्याच दिव्यासाठी वापरलेला रिमोट दाबला तर काहीच घडत नाही. रिमोट जुना झाला, निकामी झाला, असं समजून तो टाकून देऊ नका. झेड-वेव्ह म्हणजे घरातली उपकरणं बिनतारी रेडिओने एकमेकांशी जोडणारी पद्धत. तिच्यात रिमोट आणि डिमर यांचं रेडिओवर बहुधा नीट जमतं. डेन्मार्कमधल्या झेनसिस कंपनीने घडवलेल्या या तंत्रज्ञानात नव्या चिपने जुन्यांशी बोललंच पाहिजे, हा नियम सुरुवातीपासून पाळला गेला आहे. आजचा डिमर सेकंदाला 100 किलोबिट वेगाने बोलतो, तरी अगदी पहिल्या पिढीचा 9.6 किलोबिटचा संदेशही त्याला कळतो. अडतं ते दुसरीकडेच.

आधी वारंवारता तपासा, कारण ती जुळत नसेल तर पुढची सगळी खटपट वाया जाते. भारतात झेड-वेव्ह 865.2 मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपात 868.4 वर आणि अमेरिकेत 908.4 वर. न्यू जर्सीहून बॅगेतून आणलेला रिमोट पुण्यातल्या डिमरला ऐकूच जात नाही. जुन्या रिमोटमधले रेडिओचे फिल्टर त्या-त्या देशाच्या पट्ट्यासाठीच बसवलेले असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलूनही हे सुधारत नाही. रिमोटच्या पाठीवर, सेलच्या झाकणाखाली हा आकडा बहुधा छापलेला असतो. सेलही नवे घाला. नेटवर्कमध्ये जोडणी करताना रेडिओ बराच वेळ सलग चालू राहतो आणि अर्धवट उतरलेल्या सेलवर ती मध्येच तुटते.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक झेड-वेव्ह नेटवर्कला 32 बिटांचा एक ओळख क्रमांक असतो, होम आयडी. त्यातल्या प्रत्येक उपकरणाला 1 ते 232 मधला एक नोड क्रमांक मिळतो. डिमर एका वेळी एकाच होम आयडीचा असतो आणि दुसऱ्या नेटवर्कमधून आलेल्या हुकमाकडे तो लक्षच देत नाही. नवा डिमर हबने, म्हणजे अ‍ॅपच्या मागे राहून घरातली उपकरणं चालवणाऱ्या मुख्य यंत्राने, जोडून घेतला असेल आणि रिमोट अजून स्वतःच्याच जुन्या नेटवर्कचा मुख्य नियंत्रक असेल, तर दोघं एकाच खोलीत असूनही परकेच राहतात.

रिमोटला हबच्या नेटवर्कमध्ये दुय्यम नियंत्रक म्हणून आणायचं. पण थेट रिसेट करू नका. रिमोटच्या जुन्या नेटवर्कमध्ये आणखी दिवे, पंखे असतील तर रिसेटनंतर ते सगळे एका नसलेल्या होम आयडीला चिकटून बसतात आणि मग एकेकाला शोधून सोडवावं लागतं. त्याआधी रिमोटवरचंच ‘रिमूव्ह’ बटण वापरून त्यांना एक-एक करून बाहेर काढा आणि हबमध्ये जोडा. मगच रिमोट रिसेट करा. मग हबला ‘इन्क्लूजन’ अवस्थेत ठेवून रिमोटवर ‘लर्न’ किंवा ‘जॉइन’ दाबा. एऑन लॅब्जच्या मिनिमोटमध्ये ही बटणं सरकत्या झाकणाखाली लपलेली आहेत. इतर बऱ्याच रिमोटमध्ये दोन बटणं एकत्र धरावी लागतात. जुने रिमोट जोडणीच्या वेळी कमी शक्तीने संदेश पाठवतात, म्हणून हबपासून हातभर अंतरावर उभं राहूनच हे करा. जोडताना हब आपल्याकडची उपकरणांची यादी रिमोटला देतो. नंतर आलेल्या डिमरची खबर झोपलेल्या रिमोटला आपोआप लागेलच असं नाही. म्हणून सगळे डिमर आधी जोडा, रिमोट सर्वांत शेवटी.

एवढं करूनही दिवा हलत नसेल तर कारण जवळजवळ नक्कीच सुरक्षेचं आहे. एप्रिल 2017 पासून प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या झेड-वेव्ह उपकरणांमध्ये एस-टू ही कूटबद्ध पद्धत सक्तीची झाली. हब नवा डिमर जोडताना सहसा तिच्याच किल्ल्या, म्हणजे कूटबद्ध संदेश उलगडण्याचे गुप्त आकडे, देतो. त्यानंतर डिमर दिव्याचे हुकूम कूटबद्ध असतील तरच मानतो. जुना रिमोट ‘बेसिक सेट’ हा साधा, उघडा हुकूम पाठवतो: किंमत 0 म्हणजे बंद, 1 ते 99 म्हणजे तेवढा उजेड, 255 म्हणजे आधी होता तितका उजेड. तो डिमरपर्यंत पोचतो. मिळाल्याची पोचपावतीसुद्धा डिमरचा रेडिओ देतो, त्यामुळे रिमोटवर हिरवा दिवा लागतो आणि माणूस गोंधळतो. पोचपावती रेडिओची, नकार मात्र त्याच्या वरच्या थराचा.

रिमोटने डिमर थेट चालवायचा तर यावर इलाज एकच: डिमर हबमधून ‘एक्सक्लूड’ करा आणि सुरक्षेशिवाय पुन्हा जोडा. झेड-वेव्ह जेएस यूआय या हब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणीची पद्धत निवडताना ‘नो एन्क्रिप्शन’ असा पर्याय आहे. काही हब किल्ल्या विचारतात तिथे सगळ्या खुणा काढायच्या. डिमरवरचा क्यूआर कोड आधी स्कॅन केला असेल तर स्मार्टस्टार्टच्या यादीतून ती नोंद पुसा, नाहीतर वीज येताच डिमर स्वतःहून एस-टूने जोडला जातो. आमच्या मते घरातल्या दिव्यासाठी ही तडजोड चालण्यासारखी आहे. उघडा हुकूम टप्प्यातला कोणीही ऐकू शकतो, नक्कल करून पाठवू शकतो; त्याने फार तर दिवा लागेल. कुलूप, गॅरेजचं दार, सायरन यांची सुरक्षा मात्र कधीही काढू नका.

लाँग रेंज या झेड-वेव्हच्या लांब पल्ल्याच्या जोडणीचाही एक सापळा आहे. 800 मालिकेच्या चिपचे बरेच डिमर या पद्धतीनेही जोडता येतात. तिथे नोड क्रमांक 256 पासून सुरू होतात आणि जुन्या रिमोटच्या स्मृतीत क्रमांकासाठी एकच बाइट असते, तिच्यात 255 च्या पुढचा आकडा मावत नाही. शिवाय लाँग रेंजमध्ये उपकरण फक्त हबशी बोलतं. म्हणून जोडतानाच साधी मेश पद्धत, म्हणजे उपकरणं एकमेकांशीही बोलतात ती, निवडा.

मग रिमोटच्या बटणाशी डिमर बांधायचा. रिमोटवर ‘असोसिएट’ दाबा, हवं ते बटण दाबा, मग डिमरची कळ एकदा दाबा म्हणजे तो आपली ओळख पाठवतो. नेमका क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. पुन्हा जोडलेल्या डिमरला नवा नोड क्रमांक मिळतो, हे इथे ध्यानात ठेवा. बटणावर जुना क्रमांक तसाच राहिला तर रिमोट आधी त्या नसलेल्या उपकरणाला पुन्हा पुन्हा हाका मारतो आणि दिवा काही सेकंद उशिरा लागतो. जुनी नोंद काढून टाकली की उशीर संपतो. जळालेल्या डिमरच्या जागीच नवा बसवायचा असेल, तर हबमधला ‘रिप्लेस फेल्ड नोड’ हा पर्याय फार कामाचा आहे. त्यात नव्याला जुनाच क्रमांक मिळतो, आणि जोडणी सुरक्षेशिवाय केली तर रिमोटला हातही लावावा लागत नाही.

काही बटणं तरीही मुकी राहतील. ‘ऑल ऑफ’ हे त्यातलं नेहमीचं. ते ‘स्विच ऑल’ या हुकमावर चालतं. हा हुकूम आता कालबाह्य ठरवला आहे, त्यामुळे नव्या डिमरमध्ये तो सहसा नसतो. एका बटणाच्या गटात सगळे दिवे घालून तेच काम करून घेता येतं. सीन बटणांसाठी, म्हणजे एका दाबात आधी ठरवलेला उजेड आणणाऱ्या बटणांसाठी, डिमरच्या तांत्रिक पत्रकात 0x2B आणि 0x2C हे दोन हुकूमवर्ग आहेत का, ते विकत घेण्यापूर्वीच पाहा. तिथे फक्त 0x5B दिसत असेल तर तो डिमर सीनचा संदेश हबला पाठवू शकतो, रिमोटकडून घेऊ शकत नाही. बटण धरून उजेड वाढवताना वेग जुन्यापेक्षा वेगळा वाटला तर रिमोटला दोष देऊ नका: जुना हुकूम ‘वाढवायला लाग’ आणि ‘थांब’ एवढंच सांगतो, किती सेकंदांत ते डिमर स्वतःच्या सेटिंगवरून ठरवतो. ते सेटिंग हबमधून बदलता येतं.

डिमरची सुरक्षा काढायची नसेल किंवा सीनचा हुकूमच जुळत नसेल, तर हबला मधे घ्या. रिमोटच्या बटणाशी डिमरऐवजी हबचाच नोड क्रमांक, बहुधा 1, बांधा आणि हबमध्ये नियम लिहा: अमुक बटण आलं की तमुक डिमर 30 टक्क्यांवर. हब उघडा हुकूम ऐकतो आणि कूटबद्ध करून डिमरला देतो. यात किंचित विलंब वाढतो, आणि हब बंद पडला तर रिमोटही बंद. जिन्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या दिव्यांसाठी म्हणूनच थेट बांधणी बरी. हबमार्फतची सोय दिवाणखान्यातल्या सजावटीच्या दिव्यांना पुरेशी आहे.