पोहण्याच्या तलावात घरगुती ब्लीच

फार्महाउसचा तलाव भरला की प्रश्न येतोच: पूलचं द्रवरूप क्लोरीन आणायचं, की कपड्यांचं ब्लीच चालेल? चालतं. दोन्हीत सोडियम हायपोक्लोराइटच असतं. पूलच्या द्रावणात साधारण १० ते १२ टक्के, घरगुती ब्लीचमध्ये बहुधा ३ ते ६ टक्के. फक्त सुगंधी किंवा साबण मिसळलेलं ब्लीच नको.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. १०,००० लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला ५ टक्क्यांचं सुमारे २०० मिली ब्लीच लागतं. पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं क्लोरीन, लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राहायला हवं. पण पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेल्या कॅनमध्ये लेबलवरचे ५ टक्के उरलेले नसतात, म्हणून मोजल्याशिवाय इलाज नाही. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर क्लोरीन तपासायला ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतात, तिच्यात पाणी पिवळं होतं. तलावासाठी मात्र गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्यावं. मुक्त क्लोरीन किती, हे त्यातून वेगळं कळतं.

वासावर तर अजिबात जाऊ नये. तलावाचा तो उग्र, डोळे चुरचुरवणारा वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. वास जास्त म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज उलटा आहे.

खरी मेख पीएचमध्ये, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या आकड्यात आहे. जंतू मारण्याचं मुख्य काम क्लोरीनपासून पाण्यात बनणारं हायपोक्लोरस आम्ल करतं. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी जवळपास निम्मं या रूपात असतं, ८ झाला की सुमारे पावच उरतं. किटवर क्लोरीनचा आकडा तोच दिसतो, ताकद मात्र निम्मी झालेली असते. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा.

तो उतरवायला आम्ल वापरतात, आणि मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती इथे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बादली, मग, मापाचं भांडं दोघांचं वेगळंच हवं. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यामुळे त्याची रिकामी बाटलीसुद्धा ब्लीचसाठी घेऊ नये. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या गोळ्याही ब्लीचमध्ये कालवू नयेत. हातमोजे आणि चष्मा घालून, पंप चालू असताना, ब्लीच कडेकडेने ओतावं. तेही सूर्यास्तानंतर, कारण क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक आम्ल पाण्यात नसेल तर भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन नष्ट होतं. पुन्हा मोजून आकडे मर्यादेत आले, की मगच पोहायला उतरावं.

अंगणातल्या मुलांच्या रबरी टबात मात्र ब्लीच टाकूच नये. त्याला फिल्टर नसतो, आणि एवढ्याशा पाण्यात टोपणभर ब्लीच जास्त पडलं तरी डोळ्यांना आणि त्वचेला त्रास होतो. टब रोज खेळून झाल्यावर रिकामा करून, घासून वाळवावा. जुलाब होत असलेल्या मुलाला मात्र टबात नाही आणि तलावातही उतरवू नये: क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनमध्ये सात दिवसांहून अधिक तग धरतो.